‘महालात कुठे?’

मुलाखतीच्या खोलीत पहिला प्रश्न नावाचा असतो असे आपल्याला वाटते. नाव त्यांच्यासमोरच्या कागदावर असतेच. आमच्या पोरापोरींना गेल्या काही वर्षांत सर्वांत आधी आणि सर्वांत हसतमुखाने विचारला गेलेला प्रश्न वेगळाच आहे. ‘‘अरे वा, महालात राहता? महालात कुठे?’’

नागपूरबाहेरच्या साथींना यातले मर्म चटकन कळणार नाही. महाल म्हणजे भोसल्यांचे जुने नागपूर. गांधी गेट, बडकस चौक, चिटणीस पार्क, पडके-उभे वाडे. 1925 साली संघाची स्थापना झाली तीही याच महालात. त्यामुळे शहराच्या पश्चिमेकडच्या साहेबाने अर्जावर ‘महाल’ वाचले की त्याच्या डोळ्यांसमोर वाडा येतो, तुळशीवृंदावन येते, कदाचित स्वतःच्या आजोळची आठवण येते. पण याच वाड्यांच्या पाठीमागे आमच्याही गल्ल्या आहेत. तिथल्या म्हाताऱ्या माणसांनी 14 ऑक्टोबर 1956 ला पांढरे कपडे घालून दीक्षाभूमीची वाट धरली होती. मेश्राम, रामटेके, गजभिये, वासनिक अशी आडनावे असली तर नागपुरात कोणाला काही विचारावे लागत नाही. आडनाव ‘कर’ने संपत असले की मात्र पंचाईत होते, आणि मग गल्ली विचारली जाते. गल्लीचे नाव सांगितले की समोरचा ‘‘अच्छा, अच्छा’’ म्हणतो. त्या दुसऱ्या ‘अच्छा’चा सूर आमच्या पोरांना बरोबर ओळखता येतो.

आम्ही महालातल्या एका विहाराच्या वरच्या खोलीत रविवारी सकाळी बसतो. आमच्यात एक जण लॅबमध्ये टेक्निशियन आहे, एक निवृत्त शिक्षक आहेत, एक समाजशास्त्र शिकून सामाजिक कामात पडलेला आहे आणि बाकी लागेल तसे येणारे-जाणारे. बारावी सायन्स झालेली, पॅरामेडिकलकडे वळणारी मुले आमच्याकडे येतात. डॉक्टर होण्याचे स्वप्न नीटमध्ये अडकलेले असते, घरी पैसा नसतो, आणि कोणीतरी सांगितलेले असते की लॅब, एक्स-रे, डायलिसिस, ऑपरेशन थिएटर या कामाला मरण नाही. ते खरेच आहे. संसदेने 2021 साली या सगळ्या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात सहायक आरोग्य व्यावसायिकाला किमान 2000 तास आणि आरोग्यसेवा व्यावसायिकाला किमान 3600 तास शिक्षणाची अट घातली आहे. म्हणजे उद्या चार महिन्यांच्या सर्टिफिकेटवर रक्त काढत फिरणाऱ्याला जागा राहणार नाही. आपल्या पोरांनी कोणत्या दारातून आत जायचे हे म्हणूनच आज महत्त्वाचे आहे.

विद्यापीठाच्या पदवीचा प्रवेश गुणवत्ता यादीवर होतो, तिथे आरक्षण आहे, यादी भिंतीवर लागते. भांडायला कागद असतो. मुलाखत येते ती खासगी इस्पितळे आणि मोठ्या लॅब स्वतःचे प्रशिक्षणार्थी घेतात तेव्हा. हे प्रशिक्षण धड नोकरी नाही आणि धड कॉलेजही नाही. थोडे विद्यावेतन देतात, वर्ष-दोन वर्षे राबवून घेतात, पण हात तयार होतो आणि पुढे तिथेच चिकटता येते. आमच्या पोरांना ते परवडते, कारण फी भरावी लागत नाही. अडचण एवढीच की निवड एका बंद खोलीत, तीन-चार माणसांच्या मर्जीने, वीस मिनिटांत होते.

त्या वीस मिनिटांत काय होते ते आता आम्हाला बऱ्यापैकी माहीत झाले आहे. परत आलेल्या प्रत्येकाकडून आम्ही प्रश्न लिहून घेतो. दोन जाड वह्या भरल्या आहेत.

‘लॅबच का, नर्सिंग का नाही?’ हे हमखास येते. ‘आवड आहे’ हे उत्तर कोणालाच पटत नाही. त्यानंतर सुईचा प्रश्न. रुग्णाला टोचलेली सुई तुमच्या बोटात घुसली, तर काय कराल? आमची निम्मी मुले सांगतात, बोट दाबून रक्त काढून टाकू. चूक. दाबायचे नाही, साबण-पाण्याने धुवायचे, लगेच वरिष्ठांना कळवायचे, आणि एचआयव्ही प्रतिबंधक औषध लागले तर ते जितक्या लवकर तितके चांगले, 72 तासांच्या आतच. मग कचऱ्याच्या पिशव्या : पिवळी, लाल, पांढरी, निळी, कशात काय. हे 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत आहे. मग नळ्यांचे रंग. जांभळ्या टोपणात ईडीटीए, निळ्यात सायट्रेट, करड्यात फ्लोराइड. आणि खरा परीक्षक असेल तर पुढे विचारतो की एकाच माणसाचे चार नळ्यांत रक्त घ्यायचे आहे, आधी कोणती भराल?

हा प्रश्न दिसतो तितका घोकंपट्टीचा नाही. आधी निळी, मग सिरमची लाल किंवा पिवळी, मग जांभळी, शेवटी करडी. जांभळी आधी भरली आणि तिच्यातले पोटॅशियम ईडीटीए चुकून पुढच्या नळीत गेले, तर रिपोर्टात पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते आणि कॅल्शियम खोटेच उतरलेले. डॉक्टर त्या आकड्यावर औषध देणार. टेक्निशियनच्या दोन सेकंदांच्या निष्काळजीपणाने माणूस मरू शकतो. हे ज्याला कळले त्याला ‘लॅबच का’ याचे उत्तर पाठ करावे लागत नाही.

इथे आमची एक चूक कबूल करायला हवी. सुरुवातीच्या वर्षी आम्ही यातले काहीच शिकवले नाही. आम्हाला वाटले की आपल्या पोरांकडे कमी आहे तो आत्मविश्वास. म्हणून आम्ही ‘व्यक्तिमत्त्व विकास’ घेतला. इंग्रजीतून स्वतःची ओळख, ताठ बसणे, डोळ्यांत डोळे घालून बोलणे. मुले ‘मायसेल्फ अमुक तमुक’ म्हणत खोलीत शिरली आणि पहिल्याच वाक्याला पॅनेलवाले एकमेकांकडे पाहून हसले. त्यांचे मराठी उत्तम होते, विषयही थोडाफार येत होता. आम्हीच त्यांच्या तोंडात दुसऱ्याचे लुगडे कोंबले. चळवळीतल्या माणसाला वाटते आपण धीर दिला की झाले. धीर नुसता दिल्याने येत नाही, ईडीटीए माहीत असल्याने येतो. वरच्या खोलीत भाषण द्यायची आम्हा लोकांची खोड जायला वेळ लागला, अजून पुरती गेलेली नाही.

दुसऱ्या प्रकारचे प्रश्न वहीच्या मागच्या बाजूला आहेत. वडील काय करतात? आई? घरचे घर की भाड्याचे? महालात कुठे? ‘स्कॉलरशिप मिळते ना तुम्हाला?’ हा वरवर काळजीचा वाटणारा, पण जातीचा दाखला मागणारा प्रश्न. आणि एक जो आम्ही तीनदा नोंदवला आहे : ‘‘इथे लघवी, शौच, थुंकी असले नमुने हाताळावे लागतात, पण तुम्हाला काय, त्याचे काही वाटणार नाही.’’

शेवटचे वाक्य नीट वाचा. दुसऱ्या उमेदवाराला हेच विचारतात तेव्हा ते ‘तुम्हाला चालेल ना?’ असे असते. आमच्या पोराला ‘तुम्हाला काय.’ थुंकीचा आणि आपला इतिहास जुना आहे. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि आपल्या थुंकीने बाकीचे बाटत. पगार त्याच खात्यात जास्त. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. तेव्हा आमची थुंकी चालत नव्हती. आता साऱ्या शहराची थुंकी क्षयरोगासाठी तपासायला आमचा मुलगा मायक्रोस्कोपवर बसला, तर म्हणतात याला काय, सवयच असेल. काम विज्ञानाचे आहे आणि त्याला कौशल्य लागते, हे तो बसला की का विसरले जाते?

हे आमच्या मनाचे खेळ आहेत असे कोणाला वाटत असेल तर त्यांच्यासाठी थोडा अभ्यास सांगतो. प्रा. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावाचा : उच्चवर्णीय हिंदू, दलित, मुस्लिम. 2007 मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आलेल्या निष्कर्षानुसार दलित नावाला पुढच्या टप्प्याचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या सुमारे दोन तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाची त्याहून बरीच कमी. त्याच वर्षी त्याच नियतकालिकात सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी बड्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांना बोलते केले. ते सगळे म्हणाले, आम्ही फक्त मेरिट पाहतो. आणि जवळजवळ सगळेच म्हणाले, मुलाखतीत आम्ही ‘फॅमिली बॅकग्राउंड’ जरूर विचारतो. दोन्ही वाक्ये एकाच श्वासात. आरोग्याच्या क्षेत्राबद्दल शंका असेल तर दिल्लीच्या एम्सवरची थोरात समिती आठवा. 2006 साली नेमलेल्या त्या समितीपुढे अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी सांगितले होते की तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षेत आम्हाला न्याय मिळत नाही, आमची जात विचारली जाते. लेखी पेपरात परीक्षकाला तोंड दिसत नाही, तोंडी परीक्षेत दिसते.

सरकारलाही हे अगदीच कळत नाही असे नाही. 1 जानेवारी 2016 पासून केंद्राने गट ‘ब’ अराजपत्रित, ‘क’ आणि ‘ड’ पदांच्या मुलाखती बंद केल्या. कारण भ्रष्टाचार आणि वशिला हे दिले, जात हा शब्द कोणी उच्चारला नाही. पण बंद खोलीत काय शिजते याची ती कबुलीच होती. खासगी इस्पितळाच्या दाराशी मात्र ती कबुली थांबते.

आता ज्या मुलीमुळे हा लेख लिहायला घेतला तिच्याबद्दल. नाव, गल्ली, इस्पितळ काही सांगणार नाही, कारण तिने तशी अट घातली आहे. बारावीला चांगले गुण, हात स्थिर, स्वभाव अबोल. तिचा धाकटा भाऊ सिकलसेलचा रुग्ण, एसएस पॅटर्न. लहानपणापासून तिने त्याला दुखण्याच्या झटक्यांत तळमळताना पाहिले, मध्यरात्री ऑटोतून दवाखान्यात नेले, रक्ताच्या पिशवीसाठी धावली. ती स्वतः एएस, म्हणजे वाहक. ‘लॅबच का’ याचे एवढे खरे उत्तर आमच्या वहीत दुसरे नव्हते.

ते मुलाखतीत सांगायचे की नाही यावर आमच्यात दोन रविवार वाद झाला. गुरुजी म्हणाले, अजिबात नको. विदर्भात सिकलसेल म्हटले की लोक जात ऐकतात, शिवाय वाहक म्हटले की ‘ही आजारी पडणार, रजा घेणार’ असे धरतील. टेक्निशियन दादा म्हणाला, अरे, खरे उत्तर सोडून खोटे का सांगायचे? आम्ही दोघांच्या मध्ये. अखेर तीच म्हणाली, ‘‘विचारलं तर सांगीन. नाही विचारलं तर कायले सांगू?’’

विचारले. पण ज्या पद्धतीने विचारायला नको त्या पद्धतीने. ‘महालात कुठे’ झाले, ‘अच्छा, अच्छा’ झाले, आणि पॅनेलवरच्या एका गृहस्थांनी विचारले, ‘‘तुमच्या समाजात सिकलसेल फार असतो ना? तुमच्या घरी कोणाला?’’

वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने पहिले वाक्य खोटे नाही. विदर्भात आदिवासी आणि अनुसूचित जातींत हा आजार जास्त आढळतो. जुलै 2023 मध्ये केंद्राने त्यासाठी राष्ट्रीय मोहीम काढली, शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे लक्ष्य ठेवले. उमेदवाराला सिकलसेलचे ज्ञान विचारणे नागपुरात तर हवेच. पण ‘सिकलसेलची तपासणी कशी करतात’ हा परीक्षेचा प्रश्न आहे आणि ‘तुमच्या घरी कोणाला’ ही चौकशी आहे. शेजारच्या उमेदवाराला ‘तुमच्याकडे मधुमेह फार असतो ना’ असे कोणी विचारले नव्हते.

ती म्हणाली, ‘‘माझ्या भावाला आहे सर, एसएस. मी एएस आहे. एएस हा आजार नाही.’’ मग थांबून तिने आपणहून सांगितले की सोल्युबिलिटी टेस्ट फक्त सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते, एएस की एसएस ते कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. आणि नवराबायको दोघे एएस असले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता एसएसची असते. हे तिला पाठ नव्हते, तिचे जगणे होते.

संध्याकाळी विहारात येऊन तिने हे सांगितले तेव्हा म्हणाली, ‘‘दादा, रडू नाही आलं. पण हात पार थंडे झाले होते. काऊन विचारते हो ते असं?’’

तिला त्या दिवशी आम्ही जे सांगितले ते इथे थोडे विस्ताराने लिहितो, कारण आपले कार्यकर्तेही या विषयावर गप्प बसतात. सिकलचे जनुक कोणत्याही जातीचे नाही. जिथे फाल्सिपेरम मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या माणसे मारत होता तिथे ते टिकले, कारण वाहकाला त्या मलेरियापासून संरक्षण मिळते. आफ्रिकेत टिकले, अरबस्तानात टिकले, आपल्या जंगलपट्ट्यात टिकले. मग ते ठरावीक समाजांतच का साचले? दोन वाहकांची गाठ पुन्हा पुन्हा का पडते? याचे उत्तर 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या ‘कास्ट्स इन इंडिया’ या निबंधाच्या गाभ्यात आहे. पंचवीस वर्षांच्या भीमरावाने तिथे सांगितले की जातीचा प्राण म्हणजे जातीअंतर्गत विवाह. आपण व्यासपीठावरून ठासून सांगतो की रक्तात जात नसते. बरोबरच आहे. पण शतकानुशतके लग्नाला घातलेल्या कुंपणाने आपल्या रक्तात काय साचवले, ते तिच्या भावाच्या एचपीएलसीच्या कागदावर दिसते. तो गृहस्थ ज्याला ‘तुमच्या समाजातला आजार’ म्हणाला, त्याच्या साचण्यात जातिव्यवस्थेचा हात आहे, आणि तिच्या कुंपणाचे राखणदार आम्ही नव्हतो. (हे सुनावायला मुलाखतीची खोली योग्य नाही, हेही तिला सांगितले. आणि आपल्या घरातली लग्ने आजही पोटजात बघून जुळतात, ते वेगळे. त्यावर पुढे लिहू.)

तिची निवड झाली नाही.

आमच्यातला एक तरुण साथी लगेच फोन काढून पोस्ट लिहायला बसला. मथळाही तयार होता. तिने त्याचा फोन खाली ठेवायला लावला. म्हणाली, ‘‘माझी नळ्यांची ऑर्डर चुकली होती. लाल आधी सांगितली मी, निळी मागून. त्याच्यानंच नाही घेतलं असन तर?’’

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते, आणि आजही नाही. जातीमुळे नाकारले की चुकलेल्या नळीमुळे? कोणाला किती गुण दिले याचा कागद नाही. प्रत्येकाला तेच प्रश्न विचारले होते का, माहीत नाही. बाकीच्या निवडलेल्यांनी नळ्यांचा क्रम बरोबर सांगितला होता का, की त्यांना तो विचारलाच नव्हता? बंद खोलीचे बळ यातच आहे. ती भेदभाव करते तेव्हाही पुरावा उरत नाही आणि करत नाही तेव्हाही आमच्या पोरीच्या मनात संशयाचे कुसळ राहते. सवर्ण उमेदवार नापास झाला की घरी जाऊन अभ्यास करतो. आमची मुलगी नापास झाली की आधी रात्रभर कारण शोधते, मग अभ्यास करते. ही एक रात्र कोणत्याच मेरिटमध्ये मोजली जात नाही.

म्हणून आमची मागणी साधी आहे आणि ती प्रत्येक प्रशिक्षण देणाऱ्या संस्थेकडे नेता येईल अशी आहे. सर्वांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारा. प्रत्येक सदस्याने आपले गुण आपापसांत बोलण्याआधी कागदावर लिहा. घर, आईबाप, गल्ली, आजार यांचे प्रश्न बंद. नापास झालेल्याला त्याचे गुण दाखवा. पॅनेलवर आपल्यातला एक माणूस बसवा. यात क्रांतिकारक काही नाही. श्मिट आणि हंटर यांनी 1998 मध्ये पंचाऐंशी वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला तेव्हा ठरवून घेतलेली, गुणांकन केलेली मुलाखत गप्पांच्या मुलाखतीपेक्षा कामाचा माणूस ओळखण्यात सरस निघाली होती. ब्रिटनच्या एनएचएसमध्ये आरोग्य-वैज्ञानिकांचे तीन वर्षांचे पगारी प्रशिक्षण आहे, तिथे उमेदवारात काय पाहणार हे आधीच लिहून जाहीर करतात. म्हणजे हे इस्पितळाच्याही फायद्याचे आहे. ज्यांना खरेच मेरिट हवे आहे त्यांनी याला विरोध करण्याचे कारण काय?

तोवर पोरांनी काय करायचे? आमचे मत असे. खोटे सांगू नका. पत्ता लपवू नका. गल्ली विचारली तर एका वाक्यात सांगा आणि थांबा, सफाई देऊ नका. गेल्या वर्षी एका मुलाला ‘आई काय करते’ विचारले. त्याची आई एका दवाखान्यात ठेकेदाराकडे सफाईचे काम करते. आम्ही त्याला आधी ‘हाऊसकीपिंग’ म्हणायला शिकवले होते, थोडी झाक आणायला. त्याने तिथे ऐनवेळी आमचे ऐकले नाही. म्हणाला, ‘‘आई दवाखान्यात साफसफाई करते. पिवळ्या पिशवीत काय आणि लाल पिशवीत काय हे मला पुस्तकाआधी तिनं शिकवलं. लोक सुया कुठेही टाकतात, तिला दोनदा टोचली.’’ पॅनेलवरच्या एका बाईंनी मान वर करून विचारले, मग काय केले तेव्हा? आणि पुढची दहा मिनिटे सुई टोचल्यावर काय करायचे यावरच बोलणे झाले. त्याला घेतले.

हा उपाय सगळ्यांना लागू पडेल असे आम्ही म्हणत नाही. दुसरे पॅनेल असते तर ‘आई सफाईला’ एवढ्यावरच गाडी थांबली असती. आमच्या गुरुजींचा तर अजूनही याला विरोध आहे.

ती मुलगी आता पदवीच्या प्रवेशातून, गुणवत्ता यादीतून, लॅबचेच शिकते आहे. रविवारी येते. टेक्निशियन दादाने मुदत संपलेल्या, न वापरलेल्या नळ्यांचा एक खोका आणून ठेवला आहे. ती नवीन मुलांसमोर त्या टेबलावर ओतते आणि म्हणते, लावा क्रमानं. कोणी लाल आधी उचलली की तिचा हात पुढे येतो.

येत्या रविवारीही साडेनऊला बसणार आहोत. कोणाला पुढच्या महिन्यात मुलाखत असेल तर पाठवा. येताना फाइल, फोटो, दाखले काही नको. एक वही आणि पेन आणा, आणि मुलाखत देऊन आला असाल तर काय काय विचारले ते विसरायच्या आत लिहून आणा.

जय भीम.